घरच्या स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर : खर्च कुठे करावा, कुठे थांबावं

प्रश्न : माझी मुलगी सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून पेटी वाजवते, अभंग गाते. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ती मोबाइलवर करते आणि सगळ्यांना पाठवते. आता तिला घरातल्या एका खोलीत स्टुडिओ करायचा आहे. तिच्यासाठी आम्ही तीस हजार रुपये बाजूला काढलेत. एका क्लासमध्ये चौकशी केली, तर ‘आधी महागडं सॉफ्टवेअर घ्या आणि आमचा दीड लाखाचा कोर्स करा’ असं सांगितलं. तिचा एक मित्र म्हणतो, तेच सॉफ्टवेअर क्रॅक करून फुकट देतो. कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करायचं, असंही तिच्या मनात आहे. आम्ही काय करावं? मुलीसाठी हे क्षेत्र बरं आहे का? – एक आई, जि. सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

तीस हजारांपैकी सॉफ्टवेअरवर पाच-सहा हजारांहून जास्त जाऊ देऊ नका. तेही आज नकोत, दोन महिन्यांनी द्या. कॉलेज सोडू देऊ नका. क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत, तर लॅपटॉपमध्ये येऊच देऊ नका. आता प्रत्येकाचं कारण सांगतो.

मोबाइलवर भजन रेकॉर्ड केलं की पेटी, पखवाज, टाळ, गळा सगळं एकात मिसळून येतं. टाळ कानाला टोचला तरी तो एकटा कमी करता येत नाही. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर राहतो. पखवाज आज, पेटी उद्या आणि गळा ठीक असेल त्या दिवशी गाणं, असं टप्प्याटप्प्यानं काम करता येतं. एवढं काम तर आज फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही चोख करतात. महागड्या सॉफ्टवेअरमधून आवाज आपोआप चांगला येतो हा समज मनातून काढून टाका. तिथे जादा पैसे पडतात ते मुख्यतः तयार वाद्यांच्या आणि इफेक्टच्या साठ्याचे. घरात खरी पेटी आणि गावात खरा पखवाज असताना तिला त्या साठ्याची आज गरज नाही.

माझी शिफारस रीपरची आहे. तुमच्या पिढीला संगणकावर गाणी ऐकायचं विनॅम्प आठवत असेल. ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्याच कॉकॉस या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि इतकं हलकं आहे की साध्या लॅपटॉपवरही तक्रार करत नाही. 60 दिवस ते पूर्ण क्षमतेनं वापरून पाहता येतं, एकही सोय बंद ठेवलेली नसते. नंतर सवलतीचा परवाना 60 डॉलरचा, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपयांच्या घरात. स्वतःपुरतं वापरणाऱ्याला तो चालतो. व्यवसाय करणाऱ्यालाही वर्षाची एकूण कमाई 20,000 डॉलरच्या आत असेल तोवर चालतो. त्यापुढे 225 डॉलरचा परवाना आहे. साठ दिवसांनंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. तरीही त्या दिवशी पैसे भरायचे, हे तिच्याशी आधीच ठरवा. उद्या तिच्या गाण्यांची कोणी फुकट नक्कल केली तर तिला जे वाटेल, तेच हे बनवणाऱ्यांना वाटतं.

क्रॅकबद्दल माझा विरोध ठाम आहे. ते बेकायदा तर आहेच, शिवाय अशा फायलींबरोबर व्हायरस येतात आणि एखाद्या अपडेटनंतर अर्धं झालेलं काम उघडत नाही. उद्या एखादी कंपनी बिल मागेल तेव्हा चोरीच्या साधनावर केलेल्या कामाचं बिल तुमची मुलगी कोणत्या तोंडानं देणार?

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. ऑडॅसिटी मोफत आहे, कापाकापीला आणि निवेदन रेकॉर्ड करायला उत्तम. पण वाद्यांचे थर चढवत पूर्ण गाणं बांधायचं तर हात लवकर आखडतो. घरात मॅक असेल तर गॅरेजबँड मोफतच मिळतं, मग वर्षभर दुसरं काही शोधू नका. प्रो टूल्सचं नाव क्लासवाल्यांनी घेतलं असेलच. मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये त्याचं चलन आहे हे खरं. पण त्याची इंट्रो नावाची मोफत आवृत्ती आहे, आठ ऑडिओ ट्रॅकची. हात बसवायला ती पुरेशी आहे. एफएल स्टुडिओ आपल्याकडे डीजे आणि रिमिक्स करणाऱ्या मुलांमध्ये फार चालतं. मात्र त्याची फ्रुटी ही सर्वांत स्वस्त आवृत्ती माइकवरून रेकॉर्डिंगच करू देत नाही, त्यासाठी प्रोड्युसर आवृत्ती लागते. स्वस्त म्हणून फ्रुटी घेतली तर गायिकेचे पैसे वाया.

कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी एक सवय पहिल्या गाण्यापासून हवी. केकवॉक हे जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर 2017 मध्ये गिब्सन कंपनीनं थांबवलं. पुढच्या वर्षी बँडलॅबनं ते विकत घेऊन मोफत दिलं म्हणून वापरणारे वाचले. असं पुन्हा कशाच्याही बाबतीत होऊ शकतं. म्हणून गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक अगदी सुरुवातीपासून वेव्ह फाइल (.wav) म्हणून वेगळा काढून ठेवायचा, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा मांडता येतो. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट या रेकॉर्डिंगच्या दर्जाला एका ट्रॅकचं एक मिनिट साडेआठ एमबीहून थोडं जास्त जागा घेतं. सात मिनिटांचा अभंग आठ ट्रॅकवर असेल तर पाचशे एमबीच्या आसपास, आणि फसलेले टेक, म्हणजे एकेका वेळी केलेली रेकॉर्डिंग, वेगळेच. वेगळी हार्ड डिस्क लागेल हे खर्चात धरा.

खरा पैसा इंटरफेस आणि माइकमध्ये घालायचा आहे. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत नीट पोहोचवणारा डबा. सॉफ्टवेअरमध्ये शेकडो ट्रॅक असले तरी एका वेळी किती माइक लावता येतील, हे या डब्यावर ठरतं. दोन माइकचा चांगला इंटरफेस दहा-पंधरा हजारांत येतो. चार माइकचा घेतला तर तुमचं बजेट तिथेच संपेल, म्हणून दोनचाच घ्या. माइक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइकची जाहिरात आकर्षक असते, पण तो पंखा, रस्त्यावरची गाडी आणि शेजारचा मिक्सरही टिपतो. साध्या खोलीत तो त्रासच देईल. भिंतींवर गोधड्या आणि जाड सतरंज्या टांगा, पंखा बंद, लॅपटॉप माइकपासून लांब. राहिलेल्या पैशात कान पूर्ण झाकणारे हेडफोन, स्टँड आणि वायरी.

हा पुढचा मजकूर मुलीला वाचायला द्या.

बेटा, दोन माइकवर अख्खं भजन करता येतं, क्रम सांभाळला तर. आधी पखवाज घे, आणि तू शेजारच्या खोलीत दार लावून मार्गदर्शनापुरतं गा. दोघांच्या कानांत हेडफोन असू देत. एकाच खोलीत बसलात तर तुझा कच्चा आवाज पखवाजाच्या माइकमध्ये शिरेल आणि पुढे पक्का आवाज भरलास तरी तो मागे भुतासारखा ऐकू येत राहील. त्यावर पेटी, मग तुझा खरा आवाज, मग मागे म्हणणारे, आणि टाळ सर्वांत शेवटी, माइकपासून सात-आठ फुटांवर. टाळ जवळ घेतलास तर सगळं गाणं त्याखाली दबेल.

क्लिकच्या, म्हणजे सॉफ्टवेअर देतं त्या एकसारख्या लयीच्या ठोक्याला अभंग बांधू नकोस. आपली लय चढत जाते, शेवटी द्रुत होते, आणि भजनाची रंगत त्यातच असते. क्लिक बंद ठेव, पखवाजवाल्यालाच लय धरू दे. दोन टेकच्या मध्ये पखवाजाची कणीक वाळली का, हेही पाहा. डाव्या अंगाचा घुमारा बदलला तर ते दोन टेक एकमेकांना जोडता येत नाहीत. तुझी पेटी 440 हर्ट्झच्या, म्हणजे कीबोर्डसारख्या वाद्यांच्या प्रमाणित सुराच्या मापाला लागलेली असेलच असं नाही. रीपरमध्ये रीट्यून नावाचं साधन आहे, त्यावर पेटीचा सा तपास आणि तानपुऱ्याचं ॲप त्याला जुळवून घे. हे आधी केलं नाहीस तर पुढे बासरी किंवा कीबोर्ड भरताना सगळं बेसूर लागेल. आवाजाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेव. 24 बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं सांधता येत नाही. गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं थेट ऐकण्याचं बटण वापर.

त्या साठ दिवसांत तीन अभंग पूर्ण कर. पूर्ण म्हणजे मिक्स करून, सगळ्या ट्रॅकचे आवाज एकमेकांशी जुळवून, मंडळातल्या जाणत्या माणसांना ऐकवून, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून. नवं सॉफ्टवेअर, नवे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं), त्यांवरचे व्हिडिओ तोवर बाजूला.

ताई, आता शिक्षणाचं. बी.एस्सी. पूर्ण होऊ द्या. लहरी, वारंवारता, अनुनाद हे ती वर्गात शिकते तेच माइकसमोर कामाला येतं. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा अभ्यासक्रमही पदवीनंतरच आहे. आता कॉलेज सोडलं तर ते दार बंद होईल. खासगी कोर्सला माझा सरसकट विरोध नाही. पण दीड लाख देण्याआधी विचारा : एका विद्यार्थ्याला स्टुडिओत स्वतःच्या हातानं किती तास बसायला मिळतं? मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे घरीच ठेवा. तीन अभंग झाल्यावर तिला काय येत नाही हे तिचं तिलाच कळेल. कोर्स निवडायचा तो त्यानंतर.

कामं जिल्ह्याच्या ठिकाणीही असतात. भजनी मंडळांची आणि गणपतीतली गाणी, निवडणुकीच्या प्रचाराच्या ध्वनिफिती, शाळांची गॅदरिंग, लघुपटांचं डबिंग, मराठी ऑडिओबुक आणि पॉडकास्ट. सुरुवातीला यातून महिन्याचा पगार निघेल असं धरू नका. नियमित मिळकत मला निवेदनाच्या कामात जास्त दिसते, कारण पुस्तक मोठं असतं आणि काम महिनाभर चालतं. तिथे शिस्त कडक असते. ऑडिबल या ऑडिओबुक विकणाऱ्या कंपनीला पुस्तकं पुरवणारी एसीएक्स ही सेवा शांततेतला खरखराट उणे साठ डेसिबलच्या खाली मागते. त्या गोधड्यांचा उपयोग तिथे कळेल. प्रचाराची कामं घेताना सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून मागतात. चालीचे हक्क कोणाचे, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

मुलीसाठी हे क्षेत्र बरं का, हे तुम्ही पत्राच्या शेवटी संकोचानं विचारलंत. ध्वनीच्या कामात बाया अजून कमी दिसतात, हे खरं आहे. पण सगळं काम एकसारखं नसतं. कार्यक्रमांच्या मांडवातली ध्वनिव्यवस्था रात्रीची, प्रवासाची आणि जड सामान उचलण्याची असते. घरच्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, संपादन, डबिंग दिवसा आणि स्वतःच्या वेळेत होतं. तिला पहिली दोन वर्षं दुसऱ्या प्रकारात घालवू द्या. अनोळखी गिऱ्हाईक घरी येणार असेल तर वेळ दिवसाची, घरात कोणीतरी मोठं माणूस, आणि अर्धे पैसे आगाऊ, हे तीन नियम तुम्ही दोघींनी बसून लिहून ठेवा आणि खोलीच्या दाराशी लावा. ओळखीतल्या मंडळींनाही ते लागू करा, विशेषतः आगाऊ पैशांचा.