नेपाळच्या साठ्यातल्या मार्टिनी रायफलीचं काडतूस कसं ओळखायचं? ते घरी भरता येतं का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नेपाळच्या साठ्यातली मार्टिनी (एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश नमुन्याची, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल) घेतली. विकणाऱ्याने नुसतं '५७७/४५०' म्हणून सांगितलं, दुकानात काडतूस मिळत नाही म्हणून स्वतः भरायचं आहे, आणि पुढेमागे रायफल साताऱ्याला वडिलांकडे न्यायची आहे. मीही इकडेच असतो. मार्टिनी आणि तिच्या आधीची ब्रिटिश रायफल स्नायडर, दोन्ही वापरतो, त्यांची काडतुसं स्वतः भरतो. पहिली विनंती ही, की विक्रेत्याचा शब्द, बाजूवरचा शिक्का, रायफलीचं रूप, यांपैकी कशावरही काडतूस ठरवू नका. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, मोजा.

दिसायला सारख्या असलेल्या या रायफली कितीतरी वेगवेगळी काडतुसं खातात. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने घेतली ती ४५०ची (नावापुरतं नळीचं माप, इंचाच्या हजाराव्या भागात). पुढे त्याच सांगाड्यावर ३०३ची नळी चढवून मार्टिनी-मेटफर्ड आणि मार्टिनी-एनफिल्ड निघाल्या. तुर्कस्तानसाठी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीने पीबडी-मार्टिनी बनवल्या. खरा घोटाळा तिथे होतो. तिच्या काडतुसाचं नाव ११.४३ मिमी, पुंगळी (दारू भरायची पितळी नळी) ५९ मिमी लांब. ब्रिटिश काडतुसाचे आकडेही जवळजवळ हेच. पण तुर्की पुंगळी बुडाशी १५ मिमीच्या आत, ब्रिटिश पुंगळी १७. नुसत्या नावावर गेलात तर फसलात.

शिवाय तुमची नेपाळची. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला (शस्त्रागारातला) साठा अमेरिकेत आला, त्यात इंग्लंडात बनलेल्या मार्टिनी होत्या आणि नेपाळात हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफलीही. गहेंद्र बाहेरून मार्टिनीची बहीण वाटते, आतली रचना वेगळी. हातकाम असल्याने एकीचं चेंबर दुसरीशी जुळेलच असं नाही. तुमची गहेंद्र निघाली तर माझं स्पष्ट मत असं की ती जपून ठेवा, तिच्यातून बार काढू नका. इंग्लंडची असली तरी आधी जुन्या रायफलींचा अनुभव असलेल्या गनस्मिथला दाखवा.

चेंबर मोजायला सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेवरच वितळतो. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. ब्रीचचा ठोकळा (चेंबर मागून बंद करणारा भाग) काढा, चेंबरच्या थोडं पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवा आणि मागून ओता. थंड होताना साचा आधी किंचित आकसतो, तेवढ्यात, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, बाहेर काढा. मग तो पुन्हा फुगू लागतो आणि ओतल्यापासून तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाचा होतो. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) तेव्हा लावायचा. पुंगळीच्या बुडाची बाहेर आलेली कड बसायची जागा साधारण १९ मिमी, बूड १७ आणि पुंगळीची लांबी ६० मिमीच्या आसपास भरली, तर तुमचं काडतूस ५७७/४५०.

नळी वेगळी मोजायची. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत पार करा आणि त्यावर उमटलेल्या आट्यांचा (नळीच्या आतल्या पिळदार खाचांचा) व्यास घ्या. '४५०' हे नाव आहे, आट्यांच्या तळाचं माप त्याहून बरंच मोठं असतं आणि जुन्या नळ्यांत फरकही पडतो. गोळी या मापावरून निवडायची.

मूळ काडतूस कर्नल बॉक्सरच्या पद्धतीचं होतं: पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी, लोखंडी बूड, आत ८५ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) काळी दारू आणि कागद गुंडाळलेली ४८० ग्रेनची गोळी, शिसं १२ भाग आणि कथील १ भाग. आज २४ गेजच्या पितळी शॉटगन पुंगळीला डायमध्ये (आकार देणाऱ्या पोलादी साच्यात) दाबून ही पुंगळी बनवतात, किंवा तयार विकत मिळते. तिची जाडी आणि आतली जागा मूळ पुंगळीसारखी नसते, म्हणून ८५चा आकडा तसाच उचलू नका, त्या पुंगळीसाठी छापलेलं मापच घ्या. दारू फक्त काळी. आजची बिनधुराची दारू या रायफलीत कधीही नको, आणि दारू व गोळीच्या मध्ये पोकळी राहता कामा नये. हे दोन नियम मोडून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. बार झाल्यावर त्याच दिवशी नळी आणि पुंगळ्या साबणाच्या गरम पाण्याने धुवा, काळ्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते.

मोजल्यावर ३०३ निघाली तर बाजारात 'के एफ' शिक्क्याची जुनी काडतुसं दिसतील. ती पुण्याजवळच्या खडकीची, १८६९ पासूनच्या कारखान्यातली. माझ्याकडेही आहेत, मला त्यांचा फार जिव्हाळा आहे. ती संग्रहात ठेवा, रायफलीत घालू नका.

आता साताऱ्याचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतचं शस्त्र 'अँटिक' धरतात (राज्यांचे नियम निराळे), पण ती सूट भारतात चालत नाही. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे ती ते दुरुस्त करूनही चालवता येत नसेल तरच. तुमची रायफल चालती आहे, म्हणजे परवाना लागणार. काडतुसं बनवायलाही तिथे वेगळा परवाना लागतो, आणि काडतुसाचे सुटे भागही कायद्याने दारूगोळ्यातच मोजतात. म्हणून रिकाम्या पुंगळ्यासुद्धा भेट म्हणून बॅगेत टाकू नका. वडिलांना रायफल दाखवायची असेल तर त्यांनाच इकडे बोलवा.