मालक, महाव्यवस्थापक आणि प्रशिक्षक : संघावर अखेरचा शब्द कोणाचा?

प्रश्न : मी गावच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी कबड्डी मंडळाच्या मुलांचा सराव घेतो. दोन हंगामांपासून गावातील एक दाते मॅट, किट आणि स्पर्धांचा प्रवासखर्च देतात. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु आता मैदानात कोणते सात जण उतरतील हेही तेच सांगतात आणि सामना सुरू असताना चढाईला कोणाला पाठवावे याचे निरोप धाडतात. मी मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहतो. तेथे मालक, जनरल मॅनेजर आणि कोच असे तिघे असतात. त्यांच्यात अखेरचा शब्द कोणाचा असतो?
— एक शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपण म्हणता तो खेळ कामठीच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या खेळला जाणारा फुटबॉल नव्हे, तर लांबट चेंडूचा आणि शिरस्त्राणांचा अमेरिकन फुटबॉल, हे इतर वाचकांसाठी आधी सांगतो. त्याच्या राष्ट्रीय लीगमध्ये ३२ संघ आहेत. ढोबळ वाटणी अशी की मालक माणसे नेमतो, महाव्यवस्थापक खेळाडू आणतो आणि मुख्य प्रशिक्षक त्यांना शिकवून सामन्यात उतरवतो. मात्र ही वाटणी सर्वत्र सारखी नसते. प्रत्येक हंगामासाठी ५३ खेळाडूंची यादी ठरते, आणि त्या यादीवर अखेरचा अधिकार कोणाचा हे ज्याच्या त्याच्या करारात लिहिलेले असते. संघातील सत्ता कोणाकडे आहे हे पाहायचे असेल, तर पदनाम पाहू नये, हे कलम पाहावे.

भांडण याच यादीवरून होते, आणि त्यासाठी कोणी वाईट असावे लागत नाही. प्रशिक्षकाला येत्या रविवारचा सामना जिंकायचा असतो, म्हणून त्याला तयार, अनुभवी खेळाडू हवा असतो. महाव्यवस्थापकाला पुढची तीन-चार वर्षे पाहावी लागतात, कारण सर्व खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने १९९४पासून कमाल मर्यादा घातली आहे. २०२५च्या हंगामात ती २७.९२ कोटी डॉलर होती. आज एकाला जास्त दिले, तर उद्या दुसऱ्याला सोडावे लागते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि म्हणूनच त्यांच्यातला वाद कोणीतरी तिसऱ्याने मिटवावा लागतो. तो तिसरा म्हणजे मालक.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचे आहे. १९९६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांना बचाव फळीतला खेळाडू हवा होता. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी खेळाडू निवडणाऱ्या विभागाचे प्रमुख बॉबी ग्रिअर यांची बाजू घेतली आणि टेरी ग्लेन हा झेल घेणारा आक्रमक खेळाडू निवडला गेला. ग्लेनने पहिल्याच हंगामात ९० झेल घेतले, जो तेव्हा नवोदितांसाठी विक्रम होता, आणि संघ थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. निवड चुकली नव्हती. तरीही पार्सेल्स हंगाम संपताच संघ सोडून गेले. जाताना ते म्हणाले त्याचा आशय असा, की स्वयंपाक माझ्याकडून करून घ्यायचा असेल, तर थोडा बाजारहाट तरी मला करू द्या. संघ हरल्यावर ज्याला जाब द्यावा लागतो, त्याला निवडीत वाव नसेल, तर निवड बरोबर ठरूनही माणूस टिकत नाही, हे मालकांनी ध्यानात घ्यायला हवे.

यावर मालकाचे नुकसान किती होते? फारसे नाही. राष्ट्रीय दूरचित्रवाणीचा पैसा ३२ संघांत समान वाटला जातो आणि शेवटच्या क्रमांकावरचा संघही खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही. प्रशिक्षक हटवता येतो, महाव्यवस्थापक हटवता येतो. मालकाला हटवणे जवळजवळ अशक्य असते. जेरी जोन्स यांनी १९८९मध्ये डॅलस काउबॉइज संघ १४ कोटी डॉलरना स्टेडियमच्या हक्कांसह घेतला, २९ हंगाम प्रशिक्षक राहिलेल्या टॉम लँड्री यांना लगेच दूर केले आणि महाव्यवस्थापकाचे अधिकार स्वतःकडे ठेवले. त्यांनी आणलेल्या जिमी जॉन्सन यांनी सलग दोन सुपर बोल जिंकून दिले. पण श्रेय आणि अधिकार यांवरून दोघांचे बिनसले आणि १९९४मध्ये जॉन्सन गेले. त्या पायावर १९९५च्या हंगामात आणखी एक विजेतेपद मिळाले. त्यानंतर संघ एकदाही सुपर बोलपर्यंत पोहोचलेला नाही, आणि जोन्स यांनी महाव्यवस्थापकपद सोडलेले नाही. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही त्याने स्वतःला आवर घालणे, हाच या व्यवस्थेतला सर्वांत कठीण भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सामना सुरू असताना येणाऱ्या निरोपांविषयी. २०१४च्या हंगामात क्लीव्हलँड ब्राउन्सचे महाव्यवस्थापक रे फार्मर सामन्यांदरम्यान मैदानाकाठच्या आपल्या माणसांना मोबाइलवरून संदेश पाठवत होते. लीगच्या नियमाप्रमाणे हा गुन्हा आहे. फार्मर यांना पुढच्या हंगामातील पहिल्या ४ सामन्यांसाठी निलंबित करण्यात आले आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला. सामना चालू असेपर्यंत निर्णय मैदानाकाठी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा, ही रेषा तेथे पदाने वरिष्ठ असलेल्या माणसालाही ओलांडता येत नाही.

आपण पोळ्यानंतर, हंगामाच्या स्पर्धा सुरू होण्याआधी, मंडळाची बैठक बोलवावी आणि दात्यांना सन्मानाने अध्यक्षस्थानी बसवावे. बारा जणांचा संघ आपण दोघांनी मिळून ठरवावा, त्यात त्यांचे म्हणणे मनापासून ऐकावे. मात्र मैदानात उतरणारे सात जण आणि सामन्यातले बदल हे प्रशिक्षकाचे, असे मंडळाच्या वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हंगामाच्या शेवटी निकालाचा जाब आपणाला विचारण्याचा त्यांचा हक्कही त्याच वहीत लिहावा. तो हक्क आपण स्वतःहून दिलात, तर बाकीचे मागणे त्यांना अवघड वाटणार नाही.

प्रश्न : मग सगळे अधिकार प्रशिक्षकालाच का देऊ नयेत? खेळाडूंना तोच सर्वांत जवळून ओळखतो.
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : काही संघांनी ते करून पाहिले आहे. बिल बेलिचिक यांनी न्यू इंग्लंडमध्ये दोन्ही सूत्रे स्वतःकडे ठेवून सहा सुपर बोल जिंकले. परंतु त्यांचे उदाहरण पाहून इतरांना तसे अधिकार देणे महागात पडले. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक जेफ्री लुरी यांनी जानेवारी २०१५मध्ये महाव्यवस्थापक हाउई रोझमन यांना बाजूला करून खेळाडू निवडीचे अधिकार प्रशिक्षक चिप केली यांना दिले. केली यांनी लशॉन मकॉय हा चेंडू घेऊन धावणारा नावाजलेला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकला, आणि वर्ष संपण्याआधीच त्यांना काढावे लागले. रोझमन यांच्याकडे सूत्रे परत आली आणि २०१७ व २०२४ या हंगामांची विजेतेपदे त्यांच्या काळात मिळाली. ह्यूस्टन टेक्सन्सने २०२०च्या आरंभी बिल ओब्रायन यांना महाव्यवस्थापकही केले. मार्चमध्ये त्यांनी डिआंद्रे हॉपकिन्ससारखा खेळाडू गमावला आणि ऑक्टोबरमध्ये, पहिले चारही सामने हरल्यावर, त्यांचे पद गेले.

सरावात रोज खटके उडणाऱ्या खेळाडूविषयी प्रशिक्षकाचे मत तापलेले असते. अशा वेळी ‘थांबा, आठ दिवसांनी बोलू’ असे म्हणणारा आणि तसे म्हणण्याचा अधिकार असलेला दुसरा माणूस संघात असावा लागतो. कॅन्सस सिटी चीफ्सचे मालक क्लार्क हंट यांनी २०१३मध्ये अँडी रीड यांना आणताना प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक या दोघांनीही थेट आपल्यालाच उत्तर द्यावे अशी रचना केली. त्यामुळे दोघांपैकी कोणी दुसऱ्याचा हाताखालचा राहिला नाही. या संघाने पुढे २०१९, २०२२ आणि २०२३ या हंगामांचे सुपर बोल जिंकले. यात रीड यांचे कौशल्य आणि पॅट्रिक महोम्ससारखा खेळाडू यांचा वाटा मोठा आहे. तरीही ती रचना मला अनुकरणीय वाटते.

प्रश्न : ग्रीन बे पॅकर्स हा संघ लोकांच्या मालकीचा आहे असे वाचले. आमच्या सहकारी सोसायटीप्रमाणे तेथे सभासद प्रशिक्षक निवडतात काय?
— एक सभासद, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : नाही. या संघाचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही आणि बाजारात भाग विकताही येत नाही. ते संचालक मंडळ निवडतात, मंडळाची छोटी कार्यकारी समिती असते आणि रोजचा कारभार अध्यक्ष पाहतो. मालकाची खुर्ची व्यवहारात त्याचीच. जानेवारी २०१८मध्ये अध्यक्ष मार्क मर्फी यांनी महाव्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांना स्वतंत्रपणे आपल्या हाताखाली घेतले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, घरच्या मैदानावर ॲरिझोनाकडून पराभव झाल्यावर, संघाला पूर्वी सुपर बोल जिंकून देणारे प्रशिक्षक माइक मकार्थी यांना त्याच संध्याकाळी पदमुक्त केले. त्यासाठी भागधारकांचे मत घेण्यात आले नाही.