‘माझ्यासारखा दुसरा कोणीच नाही’: दुर्मिळ कर्करोगात सोबत कशी शोधायची

“मॅडम, अख्ख्या नागपुरात हा कॅन्सर मला एकट्यालाच झाला वाटते. बोलू कोणाशी?”

सारकोमा असो, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असो की जिस्ट, दुर्मिळ कर्करोग झालेल्या माणसांकडून हे वाक्य समुपदेशक म्हणून मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं. म्हणून त्यातल्या एका गृहस्थांबद्दल लिहिते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

भाऊ पन्नाशीतले, नंदनवनात राहणारे, सरकारी कार्यालयात हिशेबाचं काम करणारे. काळी शौच आणि थकवा यांचं कारण शोधताना जठरात मोठी गाठ सापडली. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात जिस्ट निघाला. जठर-आतड्यांच्या भिंतीतून वाढणारा हा ट्यूमर वर्षाला दहा लाखांत साधारण 10 ते 15 जणांना होतो. पुन्हा उद्भवण्याची जोखीम जास्त, म्हणून इमॅटिनिब या औषधाची 400 मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, तीन वर्षं.

गोळीपेक्षा लोकांचे प्रश्न त्यांना जड जात होते. आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न, “खर्रा खात होते का?” खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. भाऊंनी सुपारीसुद्धा कधी तोंडात घातली नव्हती. मग, “किमो किती झाल्या? केस तर गेले नाहीत!” ओपीडीत शेजारी तोंडाच्या नाहीतर स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण. ते आपसात बोलायचे, आणि यांनी आजाराचं नाव सांगितलं की गप्प व्हायचे. हळूहळू भाऊंनी फोन घेणं सोडलं. धाकटा भाऊ तपासणीला न्यायला यायचा, त्यालाही परत पाठवू लागले.

“त्याला का नाही म्हणता?” मी विचारलं.

“त्याला जिस्टमधला ज माहीत नाही. येऊन करेल काय?”

“गाडी चालवतो ना?”

“चालवते की.”

“तपासणीसाठी रक्त द्यायला जायचं, तर जिस्ट माहीत असलेलाच माणूस लागतो का?”

ते बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणं हेच काम असतं, आणि ते सरावानेच जमतं. मग ते म्हणाले, “म्हणजे मी सगळ्यांचा पेपर घेऊन राहिलो, मॅडम. अन् सगळ्यांना नापास करून राहिलो.”

तिथून गोष्ट फिरली. दुःख घटनेतून जेवढं येतं, तेवढंच त्या घटनेबद्दल मनात चालणाऱ्या वाक्यातूनही येतं, अशी माझी धारणा आहे. म्हणून ‘कसं वाटतं?’ याच्या आधी मी ‘मनात कोणतं वाक्य चालू असतं?’ असं विचारते. भाऊंचं वाक्य होतं, ‘ज्याला माझा आजार कळतो, त्यानेच जवळ यावं.’ आजार दुर्मिळ होता हे खरं, पण त्यांना एकटं पाडलं या अटीने. कोणी ती बोलून दाखवत नाही, म्हणून ती तपासलीही जात नाही.

मग आम्ही गरजा वेगळ्या केल्या. माहिती एकाकडून, सारखा अनुभव दुसऱ्याकडून, हातभार तिसऱ्याकडून. एकाच माणसात तिन्ही शोधले की हाती निराशा येते.

माहितीची सुरुवात स्वतःच्या कागदांपासून करा. आजाराचं पूर्ण नाव, कोणत्या अवयवात, गाठीचं माप, पेशी-विभाजनाचा आकडा, गाठ फुटली होती का आणि जनुकीय तपासणीत काय निघालं, हे एका पानावर लिहून सोबत ठेवा. याचं कारण व्यवहारातलं आहे. केआयटी जनुकाच्या एक्झॉन 11 या भागातला बदल इमॅटिनिबला चांगला प्रतिसाद देतो. बदल एक्झॉन 9 मध्ये असेल आणि आजार पसरला असेल तर डॉक्टर रोजचा डोस 800 मिलिग्रॅमपर्यंत नेतात. पीडीजीएफआरए जनुकातल्या डी842व्ही बदलावर ही गोळी सहसा चालत नाही. नाव जिस्टच, पण दुसऱ्याचा डोस तुमचा नव्हे.

दुर्मिळ निदानात स्लाइड, म्हणजे गाठीचा पातळ काप असलेली काच, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवणं योग्यच. गाठीचे तुकडे ज्यात जपतात ते ब्लॉक मेणाचे असतात. मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. लॅबकडून काय घेतलं, कुठे दिलं, याची पोच जपा. टाटा रुग्णालयासाठी मुंबईला जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये पूर्ण, तर सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यात डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णांची सोय होते, पण जागेची खात्री करूनच निघा.

सारख्या अनुभवाबाबत भाऊंना जी गोष्ट सुचली नव्हती, ती अनेकांना सुचत नाही. इमॅटिनिब सीएमएल या रक्ताच्या कर्करोगातही देतात, आणि ते रुग्ण जास्त भेटतात. रोग वेगळा, गोळी तीच. सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, उपाशीपोटी घेतली की मळमळ, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. भाऊंना ओपीडीतच असा एक जण भेटला. जेवताना, मोठा ग्लास पाण्यासोबत गोळी घ्यायची हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, पण त्याच्याकडून ऐकल्यावर ते अंगवळणी पडलं. जिस्ट आणि सीएमएलच्या रुग्णांसाठी भारतात ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्णगटही आहे. दुसरा आजार असेल तर गट कुठला, हे डॉक्टरांना आणि रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा.

व्हॉट्सॲपवरच्या गटात शिरताना सावध राहा. चालवणारा कोण हे कळत नसेल, कोणी औषध विकत असेल किंवा ‘गोळी बंद करून पाहा’ म्हणत असेल, तर बाहेर पडा. नाव आणि रुग्ण क्रमांक झाकल्याशिवाय अहवाल टाकू नका. आणि गटातली वाईट बातमी रात्री वाचू नका. सीटी स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात तर नकोच.

हातभार मागताना काम नेमकं सांगा. ‘लक्ष असू दे’ म्हटलं की समोरच्याला काय करावं ते कळत नाही. ‘मंगळवारी सकाळी 8 वाजता रक्त द्यायला नेशील?’ म्हटलं की त्याला हो म्हणता येतं. धाकटा भाऊ हो म्हणाला, आणि तपासणीच्या दिवसांची यादी त्याने स्वतःकडे घेतली. खर्ऱ्याच्या प्रश्नासाठी भाऊंनी उत्तर ठरवलं: “हा तंबाखूचा कॅन्सर नाही. पेशीतल्या जनुकात बदल झाला. गोळी चालू आहे.” पुढचं सांगायला ते बांधील नव्हते.

शेवटी वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, बोलल्या, “यांना सोबत मिळाली. मी कोणाशी बोलू?” हा प्रश्न रुग्णाच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, आणि बहुतेक घरांत तो विचारलाच जात नाही. झोप दोन-दोन आठवडे उडाली, रुग्ण गोळी टाळू लागला, किंवा दोघांपैकी कोणाच्याही मनात मरणाचे विचार येऊ लागले, तर थांबू नका. डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. रोजच्या बोलण्यासाठी वहिनींनी मोठ्या बहिणीचं नाव घेतलं. दर रविवारी दुपारी एक फोन, आणि त्यात भाऊंच्या तब्येतीची चौकशी सगळ्यात शेवटी, असं त्यांनीच ठरवलं.