नऊतून वजा करा

(जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, माझी १९५८ची मॉरिस मायनर आहे. पंचवीस वर्षं तिचं सगळं काम मीच करतोय. आता मुलीला शिकायचंय, वय १९. मला आनंदच आहे, पण दर रविवारी एकच प्रकार घडतो. ती पाना हातात घेते, तिचं चुकताना मला बघवत नाही, मी पाना काढून घेतो आणि ती चिडून निघून जाते. परवा म्हणाली, ‘बाबा, मी इथे फक्त टॉर्च धरायला येते का?’ काय करू?
— हात न आवरणारा बाप

उत्तर : तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी स्वतः पाच-सहा वर्षं टॉर्च धरली आहे. ‘उजेड नटावर! माझ्या डोळ्यांत नको!’ एवढंच माझं शिक्षण. बाबांचा हात फार चांगला होता आणि चांगला हात असलेल्या माणसाला दुसऱ्याचा आखडलेला हात सहन होत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त राग यायचा.

माझी सुटका कशी झाली सांगते. बाबांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं आणि त्याच आठवड्यात एका गाडीचे टॅपेट लावून द्यायचे होते, म्हणजे व्हॉल्व्हची (इंजिनातल्या झडपांची) गॅप जुळवायची होती. बाबा उलट्या खोक्यावर बसले, मी बोनेट उघडलं. त्या एका दुपारी मी जेवढं शिकले तेवढं त्या सगळ्या वर्षांत शिकले नव्हते. म्हणून तुम्हाला पहिलं औषध हेच : उजव्या हाताला फडकं गुंडाळा आणि स्टूल गाडीपासून चार पावलं लांब ठेवा. चेष्टा करत नाहीये. खिशात हात घालून उभे राहाल तर दोन मिनिटांत हात बाहेर येतील.

दुसरं, काम नीट निवडा. ब्रेकपासून सुरुवात करू नका, तिथे चुकायची मुभा नसते. टॅपेटपासून करा. तुमच्या गाडीत ९४८ सीसीचं इंजिन असणार, आठ व्हॉल्व्ह एका ओळीत. इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चारही प्लग काढलेले, म्हणजे पुढून हँडल घालून इंजिन हलक्या हाताने फिरतं. व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा, म्हणजे रॉकर, आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यामध्ये ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिलिमीटर गॅप ठेवायची. कुठला व्हॉल्व्ह कधी लावायचा, याला जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय त्याचा नंबर नऊतून वजा करा, जो नंबर येईल तो लावा. आठवा दाबलेला असेल तर पहिला, सहावा दाबलेला असेल तर तिसरा.

आता इथे मुलगी हमखास फसेल. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून ती रॉकरवरच्या स्क्रूने गॅप अगदी बरोबर लावेल, मग त्या स्क्रूचा लॉक नट आवळेल आणि त्या आवळण्यात स्क्रू किंचित फिरून गॅप बदललेली असेल. हे तिला आधी सांगू नका. कृपा करा, सांगू नका! आठही झाल्यावर फक्त म्हणा, ‘एकदा पहिल्यापासून मोजून बघ.’ निदान तीन चुकलेले निघतील. ती चिडेल, स्वतःवर, आणि परत लावताना डाव्या हाताने स्क्रू धरून उजव्याने नट आवळायला तिचं तीच शिकेल. गॅप थोडी मोठी राहिली तर इंजिन टकटक करेल, एवढंच. कमी राहिली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गाडी तशीच चालवत राहिलं तर जळतो. पण दुसऱ्यांदा मोजताना ते सापडणारच आहे. सगळी दुपार गेली तरी चालेल. तुम्ही चाळीस मिनिटांत केलं असतं, ठाऊक आहे.

तोंड कधी उघडायचं? ती नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरत असेल तेव्हा. उघडं पेट्रोल आणि बॅटरीची ठिणगी जवळ येत असतील तेव्हा. इंजिन चालू असताना तिची ओढणी किंवा केस पंख्याजवळ जात असतील तेव्हा. तेवढ्या वेळी बेलाशक ओरडा.

आणि ती ‘नऊच का?’ असं विचारेल, त्याची तयारी ठेवा. मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘नऊच.’ मला ते फार खटकलं. पुढे दोनेक वर्षांनी कागदावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या उंचवट्यांचा दांडा) काढत बसले तेव्हा उलगडा झाला. पहिला आणि चौथा पिस्टन बरोबरच वर-खाली होतात, दुसरा-तिसरा तसेच. पण त्यांच्या कामात इंजिनच्या एका पूर्ण फेऱ्याचं अंतर असतं. कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे त्याच्यावर हे अंतर अर्ध्या फेऱ्याचं. एकाचा उंचवटा व्हॉल्व्ह दाबत असतो तेव्हा जोडीदाराचा बरोबर उलट बाजूला असतो, म्हणजे तो व्हॉल्व्ह पूर्ण सैल. या इंजिनात व्हॉल्व्हची रांग एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा), इनलेट (आत घेणारा), इनलेट, एक्झॉस्ट आणि पुढे पुन्हा तशीच आहे. दोन्ही टोकांकडून मोजा, सारखीच लागते. म्हणून जोड्या १-८, २-७, ३-६, ४-५ अशा पडतात आणि प्रत्येकीची बेरीज नऊ. ज्या इंजिनात रांग वेगळी, तिथे हा हिशेब चालेलच असं नाही, हेसुद्धा तेव्हाच कळलं.

तो कागद मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘माझ्या उस्तादांना हे माहीत असणार.’ स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. कागद मात्र घडी करून फीलर गेजच्या डबीत ठेवला, अजून तिथेच आहे.

प्रश्न : माझे आजोबा ८१ वर्षांचे आहेत. आयुष्यभर जुन्या ब्रिटिश गाड्या दुरुस्त केल्या. आता हात थरथरतात. त्यांना येणारं सगळं लिहून ठेवावं म्हणून वही घेऊन बसलो, तर म्हणतात, ‘लिहिण्यासारखं काय आहे त्यात? आवाज ऐकायचा.’ व्हिडिओंवरून मला बरंच जमतं, पण आजोबांचं काहीच हाती लागत नाही. त्यांच्या पेटीतल्या पान्यांवरचे आकडेसुद्धा कशाशी जुळत नाहीत!
— नातू, वय २४

उत्तर : आधी पान्यांचं, कारण ते सोपं आहे. त्या पान्यांवर डब्ल्यू, बीएस किंवा बीएसएफ कोरलेलं असेल. ते व्हिटवर्थ मापाचे पाने. जोसेफ व्हिटवर्थ या ब्रिटिश इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं, त्या घराण्यातले. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नसतो. म्हणून ‘१/४ डब्ल्यू’ लिहिलेल्या पान्याचं तोंड मोजाल तर ०.५२५ इंच भरेल, म्हणजे १३ मिलिमीटरच्या थोडं वर. पुढे १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी आट्यांचं सामाईक माप ठरवलं आणि नंतरच्या गाड्यांत ते आलं. या नव्या मापाच्या पान्यांवर मात्र तोंडाचंच माप असतं. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा. त्याला तुमचा १३चा पाना ‘बसतो’ असं वाटतं आणि तिथेच नटाचे कोपरे गोल होतात. माझ्या भाच्याने असे चार नट गोल केले, एकाच संध्याकाळी. आजोबांची पेटी विकू नका.

आता आजोबा. वही घेऊन समोर बसलेल्या माणसाला कुठलाच मेकॅनिक काही सांगू शकत नाही, कारण त्याला जे येतं ते त्याला ‘येतं’ असं वाटतच नाही. त्यांच्यापुढे बिघाड ठेवा. समजा, गाडी सुरू होते, वीस मिनिटं चालते, तापली की बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते. आजोबा बसल्या जागेवरून ‘कंडेन्सर’ (ठिणगी नीट पडायला मदत करणारा विजेचा छोटा भाग) म्हणतील. तेव्हा वही काढायची आणि एकच प्रश्न विचारायचा : ‘कशावरून?’ ते चिडतील, मग सांगतील. आधी ठिणगी बघितली, ती पिवळट आणि मरतुकडी होती. निळसर, कडक असती तर पेट्रोलच्या बाजूला गेलो असतो, तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, ते बघितलं असतं. कॉइलही (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) तापून असंच करते, मग ती हाताला किती गरम लागते ते बघायचं. बघा, एका ‘कंडेन्सर’ शब्दामागे हे एवढं दडलेलं होतं. ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रमाने लिहा. सुधारून लिहू नका.

आवाजाचं म्हणाल तर आजोबा खरंच बोलतायत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकायचं असतं, पंखा-पट्ट्यापासून लांब राहून. पण बिघडलेल्या गाडीचा आवाज शिकू नका. धडधाकट गाडीचा रोज ऐका, फोनवर तारखेसह साठवा. एकदा तो कानात बसला की बिघाड आपोआप वेगळा ऐकू येतो. व्हिडिओ बघा की, मीही बघते. मात्र तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने काय जुगाड करून ठेवलाय, ते व्हिडिओवाल्याला ठाऊक नसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कुणाला राग आला तरी चालेल. आजोबांचं सगळंच घ्यायचं नाही. त्या पिढीने ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकून साफ केली, तोंडाने ओढून पेट्रोल काढलं, पेट्रोलनेच हात धुतले. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सर होऊ शकतो. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, तोंडावर चांगला मास्क हवा. माझे बाबाही फुंकायचे. मी त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं तेव्हा म्हणाले, ‘आता तू मला शिकवणार?’ आणि पुसायला लागले.

प्रश्न : काकांच्या जुन्या गाडीत पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं असं मला वाटतं. काका म्हणतात, तो गाडीचा अपमान आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने?
— पुतणी

उत्तर : तुझ्या. पॉइंट झिजतात, गॅप सरकते, टायमिंग बिघडतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये ही कटकट नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. दोन अटी. एक, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते आधी बघ. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह जोडलेलं असतं आणि चुकीचं किट जोडलं की ते जागच्या जागी जळतं. दोन, काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर पुसून, कागदात गुंडाळून डिकीत ठेव. इलेक्ट्रॉनिक किट मेलं तर वाटेत दुरुस्त होत नाही, पॉइंट मात्र नेलफाइलनेसुद्धा घासून चालतात.

पण बसवण्याआधी एकदा पॉइंटची गॅप काकांसमोर स्वतःच्या हाताने लाव. लूकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला (पॉइंट ज्यात असतात त्या भागाला) साधारण ०.०१४ ते ०.०१६ इंच लागते. तू ०.०१५, म्हणजे पंधरा लावशील. काका म्हणतील सोळा. सोळा लाव.