किलोत मोजलेली ‘गुणवत्ता’

प्रश्न : आमच्याकडे चीनमधून पंपाचे सुटे भाग येतात. सोबतच्या तक्त्याचा फोटो काढून मोबाइलवर भाषांतर केलं, की एका रकान्यात ‘गुणवत्ता : 12.5 किलोग्रॅम’ असं दिसतं. हा मूळ शब्द कोणता? फावल्या वेळात चिनी शिकतो आहे, तेव्हा उच्चारही सांगावा. (एक वाचक, भोसरी)

उत्तर : तक्त्यात चूक नाही, भाषांतरात आहे. शब्द आहे ‘ट्ष-ल्यांग’. भौतिकशास्त्रात तो वस्तुमान, आणि कारखान्यात किंवा दुकानात दर्जा. पहिलं अक्षर द्रव्याचं, वस्तू मुळात कशाची आहे त्याचं, दुसरं मापाचं. म्हणजे आपल्या ‘वस्तु’ आणि ‘मान’ यांचाच सांधा. त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द खरं तर सोपा जायला हवा. ‘मान’ जसं तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान यांत येतं, तसं ‘ल्यांग’ही पुन्हा पुन्हा भेटतं : ‘नंग-ल्यांग’ ऊर्जा, ‘तुंग-ल्यांग’ संवेग, ‘रऽ-ल्यांग’ उष्णता.

दोन अर्थांतला कोणता, हे शेजारच्या शब्दावरून ठरवा. पुढे आकडा आणि ‘ख’ (ग्रॅम) किंवा ‘छ्येन-ख’ (हजार ग्रॅम, म्हणजे किलोग्रॅम) असेल, तर वस्तुमान. पुढे ‘क्वान-ली’ (व्यवस्थापन) असेल, तर दर्जा. आयएसओ 9001 (दर्जा-व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या चिनी प्रमाणपत्रावर हीच जोडी असते. सर्वांत खात्रीची खूण मात्र विशेषणात आहे. वस्तुमान ‘ता’ म्हणजे मोठं किंवा ‘श्याव’ म्हणजे लहान असतं. दर्जा ‘काव’ म्हणजे उंच किंवा ‘हाव’ म्हणजे चांगला असतो. पुरवठादाराला ‘या भागाचं ट्ष-ल्यांग काव आहे’ असं कळवलंत, तर तो तुमचे आभार मानेल. भाग ठरल्यापेक्षा जड आला, ही तुमची तक्रार त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

उच्चारात पहिली अडचण रोमन लिपीची. तिथे झेड-एच-आय लिहिलेलं दिसतं आणि आपण सरळ ‘झी’ म्हणून मोकळे होतो. यात झ नाही आणि ई तर अजिबात नाही. ‘ट’ म्हणताना जीभ टाळूला जिथे वळून लागते तिथे ठेवा, आणि ती किंचित सोडवून हवा घासत बाहेर काढा. जुन्या वळणाचा, जीभ वळवून म्हटलेला ‘ष’ आणि ‘ट’ एकत्र, तेही हकाराशिवाय. नंतर स्वरासाठी जीभ हलवायची नाही. आहे तिथेच ठेवून आवाज लांबवायचा. मराठी माणसाची आणखी एक गडबड होते : जीभ पुढे सरकून दातांना लागते आणि ‘चाक’, ‘चूल’ यांतला च निघतो. तो आवाज चिनीत आहे, पण वेगळा, नुसत्या झेडने लिहिला जाणारा. ‘चिमणी’तला च तिसराच, तो रोमन ‘जे’ या अक्षराने दाखवतात. आपल्याकडे दोन्ही च आधीच आहेत, ही मोठी सोय. फक्त ‘ट्ष’ तेवढा कमवायचा.

‘ल्यांग’ एका दमात म्हणा, ‘लि-यांग’ असे दोन तुकडे नकोत. शेवटी ग ऐकू येता कामा नये. ‘वाङ्मय’ म्हणताना जो ङ येतो, तिथेच थांबा.

चिनीत अक्षराचा सूर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार, बदलला की अर्थ बदलतो. इथे दोन्ही अक्षरांचा सूर चौथा, वरून खाली कोसळणारा, आपण वैतागून ‘नको!’ म्हणतो तसा. असे दोन सूर लागोपाठ आले की पहिला अर्ध्यावरच थांबतो आणि दुसरा तळापर्यंत जातो. दोन्ही सारख्या जोराने आपटले, तर भांडल्यासारखं वाटतं. ‘ल्यांग’चा सूर चढता लावलात, तर ते ‘मोजणे’ हे क्रियापद होतं.

प्रश्न : मग वजन म्हणजे काय? बाजारात तर वेगळाच शब्द ऐकू येतो. (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर : रोजच्या बोलण्यातलं वजन ‘ट्षुंग-ल्यांग’. सूर तेच, शेवटही तोच, म्हणून घोटाळा होतो. शाळेच्या पुस्तकात हा गोंधळ टाळायला गुरुत्वबलासाठी ‘ट्षुंग-ली’ वापरतात आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. तुमच्या 12.5 किलोच्या भागावर ते 9.8 ने (गुरुत्वत्वरणाने) गुणून 122.5 न्यूटन येईल. न्यूटनचं चिनी रूप ‘न्यो-तुन’. घाईत नुसतं ‘न्यो’ म्हणतात, आणि त्या अक्षराचा अर्थ बैल!

बाजारात किलोला ‘कुंग-चिन’ म्हणतात. नुसतं ‘चिन’ म्हणजे चीनमध्ये 500 ग्रॅम, तैवानमध्ये मात्र 600. तैवानच्या तक्त्यात दर्जासाठी बहुधा ‘फिन-ट्ष’ असतो, म्हणून तिथे तुमच्या रकान्यातला घोटाळा सहसा होत नाही.