वाचकांचे प्रश्न : कॉलिनवूडमधला संशय आणि प्रेम

प्रश्न : 'डार्क शॅडोज' ही जुनी अमेरिकन मालिका मी पहिल्या भागापासून पाहत असून दीडशेचा टप्पा नुकताच ओलांडला आहे. रक्तपिशाच्चाची वाट पाहून घरच्यांनी केव्हाच माघार घेतली. मला मालिका आवडते. तरीही कॉलिन्स कुटुंबाच्या कॉलिनवूड या वाड्यात शिक्षिका म्हणून आलेली व्हिक्टोरिया आणि त्या कुटुंबाचा वैरी बर्क यांची एकमेकांवरची ओढ उघड दिसत असताना ते सतत एकमेकांची उलटतपासणी का घेत राहतात, हे कळत नाही. हा वेळकाढूपणा आहे की त्यामागे काही हेतू आहे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : वेळकाढूपणा आहेच, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. २७ जून १९६६ रोजी सुरू झालेली ही मालिका आठवड्यातून पाच दिवस दुपारी अर्धा तास दाखवली जात असे. चित्रीकरण जवळजवळ रंगमंचावरच्या प्रयोगासारखे सलग होई, नेपथ्य मोजके आणि एका भागात पात्रेही थोडीच. अशा वेळी दोन माणसांना दिवाणखान्यात समोरासमोर उभे करून एकाला प्रश्न विचारायला लावणे हे सर्वांत कमी खर्चाचे नाट्य ठरते. शिवाय कालचा भाग चुकलेल्या प्रेक्षकाला कथा पुन्हा सांगावी लागे, आणि संशयामुळे ती सोय आपोआप होत असे. कारण तीच घटना वाड्यातला रॉजर कॉलिन्स सांगतो तेव्हा वेगळी असते आणि बर्क सांगतो तेव्हा वेगळी.

परंतु आपला प्रश्न याहून खोल आहे. मला वाटते, या मालिकेत संशय हा प्रेमाच्या आड येत नाही. तो प्रेमाच्याच जागी उभा असतो. दहा वर्षांपूर्वीचा मूळ गुन्हा आठवून पाहा. बर्कच्या मोटारीखाली एक माणूस मरतो, रॉजर आणि लॉरा बर्कविरुद्ध साक्ष देतात, बर्क तुरुंगात जातो आणि त्याची प्रेयसी असलेली लॉरा रॉजरची पत्नी होते. म्हणजे सूडाच्या मुळाशीच प्रेमभंग आहे. हा माणूस श्रीमंत होऊन कॉलिन्सपोर्टला परततो, तेव्हा त्याच्याकडे आकृष्ट होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला एकच शंका छळणे स्वाभाविक आहे : याला मी हवी आहे, की माझ्या हातून कॉलिनवूडचा दरवाजा उघडून हवा आहे? रॉजरची भाची कॅरोलिन ही शंका झटकून टाकते आणि फसते. व्हिक्टोरियाला ती झटकता येत नाही, कारण रॉजरच्या गाडीचे ब्रेक निकामी होण्याआधी त्या गाडीजवळ, गॅरेजमध्ये, तिने स्वतः बर्कला पाहिलेले असते; ब्रेकचा भाग काढणारा रॉजरचा छोटा मुलगा डेव्हिड आहे, हे तिला नंतर कळते. ज्याच्यावर आपण संशय घेतला तो निर्दोष निघाला, ही जाणीव तिला बर्कच्या जितकी जवळ नेते, तितके कोणतेही प्रेमसंभाषण नेत नाही.

फाउंटन पेनाचे प्रकरण मात्र लेखकांनी फारच ताणले, हे मान्य करायला हवे. तरी बर्कने कॅरोलिनला दिलेले पेन रॉजरच्या हातून हरवते आणि व्हिक्टोरियाला समुद्रकिनाऱ्यावर सापडते, हा प्रवास नीट पाहावा. प्रेमाची भेटवस्तू कॉलिन्स कुटुंबाचा व्यवस्थापक बिल मॅलॉय याच्या मृत्यूप्रकरणातला पुरावा बनते, आणि ती कोणी कोणाला दिली होती हे सांगताना प्रत्येकाला आपल्या मनातले थोडेफार उघड करावेच लागते.

या साऱ्यासाठी मोठे घर लागते. कॉलिनवूडची मालकीण आणि रॉजरची बहीण एलिझाबेथ अठरा वर्षे उंबरठ्याबाहेर पडत नाही आणि तळघरातल्या एका खोलीला कुलूप लावून ठेवते; गिरगावच्या चाळीत हे आठवडाभरही जमले नसते, शेजारच्या खोलीतून कोणीतरी विरजण मागायच्या निमित्ताने येऊन पाहून गेले असते. आपल्याकडे २०१६ मध्ये आलेल्या 'रात्रीस खेळ चाले'ला कोकणातले नाईकांचे घर म्हणूनच लागले. तिथेही भुतापेक्षा भाऊबंदकीची भीती मोठी होती, आणि पुढच्या पर्वात तीही मालिका 'डार्क शॅडोज'प्रमाणेच भूतकाळात गेली.

बर्क आणि व्हिक्टोरिया यांचे पुढे काय होते, ते सांगून आपला रस घालवत नाही.

प्रश्न : मला फक्त 'डार्क शॅडोज'मधला रक्तपिशाच्च बार्नबस पाहायचा आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, दादर

उत्तर : भाग २१० पासून. एप्रिल १९६७ मधल्या त्या भागात शवपेटीतून केवळ हात बाहेर येतो आणि ती उघडणाऱ्या विली लूमिसचा गळा धरतो. चेहरा दिसायला पुढच्या भागापर्यंत थांबावे लागते. मात्र 'इंग्लंडहून आलेला चुलतभाऊ' ही बार्नबसची थाप कॉलिन्स कुटुंब इतक्या सहज कशी स्वीकारते, याचे आपल्याला नवल वाटेल. आधीचे भाग पाहिले असतील तर वाटणार नाही : ज्यांना एकमेकांवरच नजर ठेवण्यातून सवड नाही, त्यांना पाहुण्याची चौकशी कधी सुचणार?