वाचकांचे प्रश्न : घटस्फोटानंतर पोटगी मागता येते का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी इथल्या कोर्टात पतीच्या अर्जावर, क्रूरतेच्या कारणाने घटस्फोट झाला. तेव्हा मी पोटगी मागितलीच नाही. अक्कलकोट रोडला त्यांचे बारा माग आहेत, पण रिटर्नमध्ये उत्पन्न जेमतेम चार लाख. आता काही करता येईल? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल, ताई. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 प्रमाणे हुकूमनाम्याच्या (घटस्फोटाच्या अंतिम आदेशाच्या) वेळी किंवा नंतर केव्हाही कायम पोटगी मागता येते. अर्ज मात्र हवाच, आणि तो हुकूमनामा देणाऱ्या कोर्टातच. निकाल तुमच्याविरुद्ध गेला म्हणून हक्क संपत नाही. वर्तन पाहिलं जातं, रक्कम कमी होऊ शकते. तुम्ही पुनर्विवाह केलेला नाही, असं धरलं आहे.

खरी झटापट उत्पन्नाची. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालापासून दोघांनाही मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रिटर्न चार लाखांचं असलं तरी मागांचं वीजबिल काढा, मग मीटर सासऱ्यांच्या नावावर का असेना. बारा माग दोन पाळ्या चालले की युनिट लपत नाहीत. सुताची खरेदी, टॉवेलची विक्री जीएसटी विवरणपत्रात सापडते. हे कागद हाती नसतील तर हजर करण्याचा हुकूम मागा. बँकेची शाखा, वर्ष, विजेचा ग्राहक क्रमांक नेमका लिहा. ‘सर्व हिशेब द्यावेत’ अशा मोघम अर्जातून फारसं काही निघत नाही. आणि स्वतःचं शिवणकामाचं उत्पन्न असेल तर तेही दाखवा. उलटतपासणीत निघालं की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

पगाराच्या 25 टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात. तो कायद्यात नाही, 2017 च्या एका निकालातला आहे, तोही निव्वळ पगाराबाबत. मागवाल्याला पगार कुठला?

अर्जातच पतीच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा मागा. कलम 25 मध्ये तशी सोय आहे. नाहीतर हप्ते थकले की दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावायची, तोवर गाळा विकलेला.

प्रश्न : संमतीने घटस्फोट घेतोय. एकरकमी रक्कम तीन हप्त्यांत ठरली आहे. काय जपावं?

उत्तर : शेवटचा हप्ता दुसऱ्या जबाबाच्या दिवशी (दोघं कोर्टात पुन्हा संमती सांगतात त्या दिवशी), कोर्टासमोर, डिमांड ड्राफ्टने घ्या. पुढच्या तारखेचा चेक नको. तारखा आणि रकमा संमतीच्या अटींतच लिहा. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे दोघांनाही लागू.